मोगरा गच्चीवर नेताना: जानेवारी ते मे

पूर्वेच्या बाल्कनीत मोगऱ्याच्या १८ कुंड्या. पानं हिरवीगार, फांद्या वेलासारख्या लांबलेल्या, आणि अख्ख्या उन्हाळ्यात फुलं मात्र ओंजळभर. शेणखत, ताक, केळीच्या साली, सगळं घालून झालं होतं. शेवटी डिसेंबरमध्ये एका रविवारी सकाळी सातपासून दर अर्ध्या तासाने बाल्कनीचा फोटो काढून ठेवला. थेट ऊन सव्वासातला येत होतं आणि साडेनऊला जात होतं. मोगऱ्याला रोज निदान पाच-सहा तास ऊन लागतं. खतात काही खोट नव्हती, उन्हाची वेळच अर्धी होती. कुंड्या हलवायचा खटाटोप करण्याआधी हे फोटोंचं काम सगळ्यांनीच करावं. फुकट आहे आणि एका दिवसात उत्तर मिळतं.

पुण्यातल्या सहा मजली इमारतीत ऊन म्हणजे गच्ची, आणि गच्ची सोसायटीची सामाईक. म्हणजे अर्ज आला.

५ जानेवारी २०२५ ला साधा चार ओळींचा अर्ज दिला. १२ जानेवारीच्या कमिटी मीटिंगमध्ये तो परत आला. हरकती तीन: वजन किती, गळती झाली तर जबाबदार कोण आणि पाणी कुठलं. नाराज व्हायला झालं खरं, पण तिन्ही प्रश्न रास्त होते. म्हणून दुसरा अर्ज नीट केला.

वजनाचं गणित असं. चौदा इंची कुंडीत साधारण २२ लिटर मिश्रण बसतं आणि पाणी घातल्यावर ती २५ किलोच्या घरात जाते. बारा इंची कुंडी १८ किलो. दहा मोठ्या आणि आठ लहान मिळून सुमारे ४०० किलो. आकडा ऐकून सगळे दचकतात, पण प्रश्न एकूण वजनाचा नसतो, ते किती जागेवर पसरलंय याचा असतो. आयएस ८७५ या भारतीय मानकाच्या दुसऱ्या भागात वावर असलेल्या गच्चीसाठी चौरस मीटरला १.५ किलोन्यूटन, म्हणजे ढोबळमानाने १५० किलो भार धरलेला आहे. कुंड्यांची मध्यं एकमेकांपासून ५० सेंटिमीटरवर ठेवली की एका कुंडीच्या वाट्याला पाव चौरस मीटर येतो, म्हणजे चौरस मीटरला १०० किलो. पण हीच कुंड्यांची गर्दी एका कोपऱ्यात खेटून केली तर आकडा सहज दुप्पट होतो. जुन्या इमारतीत मात्र हे गणित कागदावर पुरत नाही. स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवावं.

गळतीसाठी दोन अटी आम्हीच लिहून दिल्या. कुंड्या विटांवर राहतील, म्हणजे खालचा कोबा वाळत राहील. आणि कठड्यापासून दीड फूट आत राहतील, म्हणजे कठडा आणि स्लॅब जिथे मिळतात तो सांधा कायम उघडा आणि झाडता येण्यासारखा राहील. गळती बहुतेक वेळा तिथूनच सुरू होते, आणि सहाव्या मजल्यावरच्या काकूंचा डोळा नेमका तिथेच होता. पाणी बोअरवेलच्या नळाचं, रोज ४० लिटरच्या आत. सोबत कागदावर हाताने काढलेला नकाशा जोडला.

२ फेब्रुवारीला मंजुरी मिळाली, हमीपत्राच्या अटीवर. ते पाचशेच्या स्टँपपेपरवर करावं लागलं, कारण शंभराचा स्टँप महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून चालत नाही. वर नोटरीचे २००. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या आणि मंजुरीच्या ठरावाची सही-शिक्क्याची प्रत मागून घ्या. कमिटी बदलली की तोंडी परवानगी कोणाला आठवत नाही.

या चार आठवड्यांत एक काम चुकवून चाललं नसतं, ते म्हणजे ताण देणं. डाळिंबाचा किंवा संत्र्याचा बहार धरताना बागेचं पाणी तोडतात, तोच प्रकार. २६ जानेवारीपासून कुंड्यांचं पाणी कमी करत नेलं आणि छाटणीआधीचे सहा दिवस पूर्ण बंद ठेवलं. खालची पानं पिवळी पडून गळतात, झाड केविलवाणं दिसतं. तिथे दया येऊन पाणी घातलं की ताण मोडतो. कोवळे शेंडे मात्र सुकून काळे पडायला लागले, तर कपभर पाणी द्यायलाच हवं.

९ फेब्रुवारी, रविवार. सकाळी हमाल लावून कुंड्या वर गेल्या (लिफ्ट सहाव्यापर्यंतच, पुढचा जिना हातानं, ८०० रुपये). मग छाटणी.

मोगऱ्याचं फूल नव्या फुटीच्या टोकाला येतं, जुन्या काडीवर नाही. तेव्हा जितकी नवी फूट तितकी टोकं, आणि जितकी टोकं तितक्या कळ्या. म्हणून हात आखडता घेऊ नये. दोन फुटांचं झाड फुटाभरावर आणलं. आधी वाळक्या, आत वळलेल्या आणि काडेपेटीतल्या काडीहून बारीक फांद्या बुडातून काढल्या. उरलेल्या जाड फांद्या पेऱ्याच्या वर अर्धा सेंटिमीटर ठेवून तिरक्या कापल्या. पेऱ्यापाशी पानांच्या देठाच्या बेचक्यात दोन्ही बाजूंना खसखशीएवढा फुगवटा दिसतो, तो डोळा. काप त्याला फार खेटून घेतला तर डोळा वाळतो आणि फार वर घेतला तर वरचा खुंट वाळून रोग आत उतरतो. सिकेटर (छाटणीची कात्री) धारदार हवी. बोथट असली की साल चेपते आणि तिथून फांदी काळी पडते. पेन्सिलीएवढ्या जाड कापांवर ओल्या हळदीचा लेप लावला. राहिलेली सगळी पानंही हाताने काढून टाकली. जुनी पानं राहिली की झाड त्यांच्यावरच समाधान मानतं आणि फूट उशिरा येते.

आठ कुंड्यांमध्ये मुळं ठीक होती, तिथे वरची दोन इंच माती काढून शेणखत भरलं. दहा कुंड्यांत मुळांचा गुंता तळाच्या भोकातून बाहेर आला होता. ती झाडं चौदा इंची कुंड्यांत गेली. बाहेरची मुळं सगळीकडून बोटभर कापली आणि मातीचा जुना गोळा हलकासा सैल केला. मिश्रण घमेल्याच्या मापाने: तीन घमेली लाल माती, दोन जुनं शेणखत, दोन भिजवलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि प्रत्येक कुंडीत दोन मुठी निंबोळी पेंड. पुण्यातली काळी माती कुंडीत वापरू नका. ओली असताना चिखल आणि वाळली की भेगा. पाणी भेगेतून थेट खाली जातं आणि मुळं कोरडीच राहतात. शेणखत हाताला गार आणि वासाला मातीसारखं लागायला हवं. गरम लागलं तर ते अजून कुजतंय आणि मुळं भाजणार. कोकोपीट दोनदा पाण्यात भिजवून पिळून घेतलं, कारण त्यात मीठ असतं.

एक चूक इथेच झाली, आणि ती मार्चअखेरीपर्यंत कळली नाही. मुळांची आणि फांद्यांची छाटणी एकाच दिवशी केल्याने त्या दहा झाडांची फुलं बाकीच्यांपेक्षा दोन आठवडे मागे पडली. कुंडी बदलायची तर ती पावसाळ्याच्या सुरुवातीला बदलावी आणि फेब्रुवारीत फक्त छाटणी करावी.

हा फेब्रुवारी साधा नव्हता. हवामान खात्याच्या नोंदीत १९०१ पासूनचा देशातला सगळ्यात उष्ण फेब्रुवारी तोच. गच्चीवर ते दुपारी पायाला कळत होतं. कुंड्या विटांवर ठेवण्याचा दुसरा फायदा तेव्हा समजला: तापलेल्या स्लॅबची धग थेट बुडाला लागत नाही. प्रत्येक कुंडीखाली तीन विटा, त्रिकोणात, तळाची भोकं मोकळी ठेवून. मातीवर दोन इंच जाड नारळाच्या शेंड्या आणि वाळका पाला. काळ्या ग्रो-बॅग कोणी सुचवल्या तर उन्हाळी गच्चीवर त्या टाळाच, पश्चिमेकडच्या बाजूची मुळं अक्षरशः शिजतात.

२० फेब्रुवारीच्या सुमारास तांबूस कोंब दिसले, छाटणीनंतर अकराव्या दिवशी. इथे घाईने युरिया देऊ नये. दिला तर फांदी हातभर लांब, बारीक आणि वेलासारखी होते, बाल्कनीत होती तशीच. आम्ही चौदा इंची कुंडीला डीएपी या रासायनिक खताचे दहा दाणे, बारा इंचीला आठ, बुंध्यापासून लांब, कडेच्या मातीत बोटभर खोल पुरून दिले. पुढे दर पंधरा दिवसांनी शेंगदाणा पेंडेचं पाणी: १०० ग्रॅम पेंड एक लिटर पाण्यात चार दिवस भिजवायची, गाळून दसपट पाण्यात मिसळायची, कुंडीला एक तांब्या. वास भयंकर येतो. एकदा शनिवारी सकाळी दिलं आणि गच्चीवर पापड वाळत घालायला आलेल्यांनी तोंडावर पदर घेतला. तेव्हापासून हे काम रात्री.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात नवी पानं पिवळी पडली, पण शिरा हिरव्याच राहिल्या. हे चिन्ह लक्षात ठेवण्यासारखं आहे. जुनी खालची पानं सरसकट पिवळी झाली तर नत्र कमी किंवा पाणी जास्त. नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर लोह कमी पडतंय. बोअरचं पाणी जड होतं. त्याने माती अल्कधर्मी होते आणि मातीत लोह असूनही मुळांना ते उचलता येत नाही. म्हणूनच राख घालायचा सल्ला अशा पाण्याला चालत नाही, राखेने दुखणं वाढतं. चिलेटेड लोह (झाडाला उचलता येईल अशा रूपातलं) लिटरला अर्धा ग्रॅम, संध्याकाळी पानांवर, दहा दिवसांच्या अंतराने दोनदा फवारलं. मातीत घालण्यापेक्षा पानांवर लवकर लागू पडतं. तिसऱ्या आठवड्यात रंग परत आला. पालाशसाठी (पोटॅशियमसाठी) राखेऐवजी सल्फेट ऑफ पोटॅश वापरलं, लिटरला एक ग्रॅम.

पाण्याचं गाडं मात्र अडलं. ठिबकसाठी २०० लिटरचा ड्रम तीन फुटी स्टँडवर ठेवायचा बेत होता. कमिटीतल्या एका निवृत्त इंजिनिअर काकांनी जिन्यातच थांबवलं, "अहो, दोनशे किलो एका जागी? तो स्लॅबच्या मधोमध नाही चालायचा." बरोबर होतं. मग १०० लिटरचा ड्रम जिन्याच्या भिंतीलगत, बीमवर. दुसरी गोष्ट दुकानदार सांगत नाहीत: तीन फुटांवरच्या ड्रमला दाब जेमतेम ०.१ बार मिळतो, आणि दाब नियंत्रित करणारे ड्रिपर साधारण एक बारसाठी बनवलेले असतात. ते टिपूससुद्धा सोडत नाहीत. पहिले अठरा असेच परत करावे लागले. हाताने फिरवून कमी-जास्त करता येणारे साधे ड्रिपर लावले. १६ मिलिमीटरची मुख्य नळी, त्यातून ४ मिलिमीटरच्या शाखा, ड्रमच्या तोंडाशी गाळणी. गाळणी नसेल तर बोअरच्या क्षारांनी महिन्याभरात भोकं बुजतात. शेवटच्या कुंडीला पाणी कमी पोचतं, म्हणून पहिले ड्रिपर थोडे आवळायचे. एप्रिलमध्ये मोठ्या कुंडीला रोज दोन लिटर आणि लहानीला दीड लिटर, सकाळी सातच्या आत. दुपारी पानं मलूल दिसली तरी पाणी घालायची घाई नको. आधी शेंड्या बाजूला करून बोट मातीत दोन पेरं घालावं. ओल लागली तर झाड फक्त उन्हाने मान टाकून बसलंय, संध्याकाळी उठतं.

मोगऱ्याच्या मधल्या मोकळ्या जागेत तीन उथळ ट्रे चिनी गुलाबाचे आणि काही कुंड्या झिनियाच्या होत्या. दोन्ही उन्हाळ्याला भिणारी नाहीत. चिनी गुलाबाची बोटभर काडी वाळूमिश्रित मातीत खोचली की झालं. ऊन चढलं की फुलतो, दुपारनंतर मिटतो, आणि जास्त पाण्यानेच मरतो. झिनियाचं बी फेब्रुवारीत टाकलं की आठवड्यात उगवतं, दोन महिन्यांत फूल. तिच्या पानांवर संध्याकाळी पाणी मारलं तर भुरी (पांढरी बुरशी) येते, बुडाशीच घालावं.

मार्चच्या मध्यावर लाल कोळी आला, पानांचा रस शोषणारी बारीक कीड. कोरडी गरम हवा म्हणजे त्याचं माहेर. पान वरून ठिपकेदार, फिकट दिसतं. खाली पांढरा कागद धरून पान टिचकलं की कागदावर हलणारे तांबडे ठिपके पडतात. तीन दिवस रोज सकाळी पानांच्या खालून नळीचा जोरदार फवारा मारला, अर्धं काम त्यानेच झालं. मग निंबोळी तेल, लिटरला ५ मिलिलिटर. तेल आधी मिलिलिटरभर पातळ साबणात घोटायचं आणि मग कोमट पाण्यात. थेट पाण्यात ओतलं तर वर तरंगतं आणि शेवटच्या फवाऱ्यात एकाच झाडावर जाऊन पानं जाळतं. फवारणी सूर्य मावळल्यावरच. गंधक कोळ्यावर चांगलं चालतं, पण पारा पस्तिशीत असताना नाही आणि तेलाच्या फवाऱ्यानंतर दोन-तीन आठवडे तर मुळीच नाही.

२१ मार्चला कळ्या दिसल्या, टाचणीच्या डोक्याएवढ्या. फुटीच्या टोकाला तिघींचा झुबका असतो. मधली आधी फुगते, पांढरी होते, उमलते. मग दोन-तीन दिवसांनी बाजूच्या दोघी. मधलं फूल खुडताना बोटं जपून लावावी लागतात, नाहीतर शेजारच्या कळ्या सोबत येतात.

पाडवा ३० मार्चला होता. गुढीच्या हारासाठी आठ लहान कुंड्यांतून मिळून २६ कळ्या निघाल्या. पण त्याच आठवड्यात काही कळ्या वाढेनाशा झाल्या आणि जांभळट गुलाबी पडून गळायला लागल्या. अशी कळी नखाने उभी चिरून पाहिली तर देठाशी, पाकळ्यांच्या बुडात, पांढरट बारीक अळ्या. ही कळी-माशी. कळीला भोक पडून आत हिरवट अळी आणि जाळी दिसली तर ती कळी पोखरणारी अळी, वेगळी. माशीची अळी कोशात जाण्यासाठी मातीत उतरते, म्हणून नुसत्या फवाऱ्याने ती संपत नाही. रंग बदललेली प्रत्येक कळी रोज खुडून पिशवीत बांधून टाकायची (कुंडीत टाकायची नाही), वरचा पाला बदलायचा, दोन बोटं माती उकरून उन्हात तापवायची आणि मूठभर निंबोळी पेंड मिसळायची. दोन आठवडे चिकाटीने केलं तेव्हा गळ दहातल्या चार कळ्यांवरून एकावर आली. पूर्ण थांबली नाही.

झाडाच्या अंगात भिनणारी औषधं नर्सरीत लगेच हातात ठेवतात. आम्ही ती घेतली नाहीत, त्याला कारण माठ. उन्हाळ्यात मोगरा माठात पडतो, चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला हातात पडतो, मुली केसात माळतात. ज्या फुलाचं पाणी प्यायचं त्यावर ते औषध नको. निंबोळी तेल मारल्यावरही आठवडाभर फुलं माठात टाकली नाहीत. पाणी कडू लागतं.

१२ एप्रिलनंतर दहा मोठ्या कुंड्याही फुलायला लागल्या. ऐन भरात रोज १०० ते १२० फुलं निघत होती. खुडायची वेळ संध्याकाळी साडेपाच ते सहा: कळी टपोरी, पूर्ण पांढरी, पण मिटलेली. हिरवट झाक असलेली खुडली तर ती उमलत नाही, तशीच तपकिरी पडते. ओल्या सुती फडक्यात सैल गुंडाळून ठेवली की रात्री नऊच्या सुमारास घरभर वास. ३० एप्रिलला अक्षय्य तृतीया, चैत्रगौरीचा शेवटचा दिवस. कैरीची डाळ, पन्हं, भिजवलेले हरभरे आणि प्रत्येकीच्या हातात गजरा. सहाव्या मजल्यावरच्या काकू दोन घेऊन गेल्या.

फुलं संपलेली फांदी तशीच ठेवू नये. सुकलेल्या झुबक्याखाली पानांच्या दोन जोड्या सोडून कापायची. साधारण चार आठवड्यांत तिथूनच दुसरा बहर येतो. कळ्या धरण्याआधी ०:५२:३४ (स्फुरद आणि पालाशचं विद्राव्य खत) लिटरला दीड ग्रॅम, आठवड्याच्या अंतराने दोनदा फवारलं.

खर्च एकत्र सांगतो: स्टँप आणि नोटरी ७००, दहा कुंड्या १,८००, माती-खत-कोकोपीट-पेंड १,५४०, ठिबक आणि ड्रम २,०५०, लोखंडी स्टँड १,४००, साठ विटा ७२०, हमाली ८००, औषधं आणि विद्राव्य खतं मिळून ६००. बेरीज ९,६१०. पुढच्या वर्षी यातलं खत आणि औषध तेवढं लागेल.

मे महिन्यात वळीव लवकर आणि जोरात आला. वाऱ्याने दोन कुंड्या विटांवरून आडव्या झाल्या. मग चार-चार कुंड्यांभोवती नायलॉनची दोरी घालून गट बांधले. पाणी सोडणाऱ्या पाइपच्या तोंडावर वाळका पाला अडकून एका संध्याकाळी गच्चीवर चार बोटं पाणी साचलं, आणि सेक्रेटरींचा फोन आला तो आमच्याच कुंड्यांवरून. त्या रात्रीच पाइपच्या तोंडाला जाळी बसवली आणि शेंड्यांचं आच्छादन अर्धं काढलं. २६ मेला पुण्यात मोसमी पाऊस जाहीर झाला. ठिबक बंद करून ड्रम पालथा घातला, कुंड्यांखालच्या थाळ्या उचलल्या. साचलेल्या पाण्यात आठवड्याभरात डासांच्या अळ्या होतात आणि महापालिकेचे तपासनीस गच्चीवरच पहिले येतात. दुसऱ्या बहराच्या कळ्या त्या पावसात निम्म्या कुजल्या; उरलेल्या ओल्याच खुडल्या आणि पंख्याखाली वर्तमानपत्रावर पसरल्या. हमीपत्राची मुदत ३१ जानेवारीला संपते, नव्या अर्जाची तारीख कॅलेंडरवर १ जानेवारीला लिहून ठेवली आहे.